तुरुंगातलं हस्तलिखित

श्रोतेहो, नमस्कार.

६ सप्टेंबर १९६५ म्हटलं की आठवतं ते लाहोरच्या दिशेनं सरहद्द ओलांडणारं आपलं सैन्य. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं एका मराठी पुस्तकाच्या बाबतीत निकाल दिला. पुस्तकाचं नाव ‘अणूच्या अंतरंगात’.

लिहिलं होतं कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांनी, मुंबईच्या तुरुंगात बसून. १९६२ला चीनचं आक्रमण झालं, आणीबाणी पुकारली गेली आणि भारत संरक्षण नियमांखाली कितीतरी माणसं स्थानबद्ध झाली. ना आरोपपत्र, ना खटला. संझगिरी त्यांतलेच. पुस्तक लिहायला सरकारची परवानगी होती, बरं का! सप्टेंबर १९६३मध्ये त्यांनी अर्ज केला, की हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवू द्या. सहा महिन्यांनी उत्तर आलं, नाही.

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका पाहिली. निव्वळ विज्ञान, देशाच्या संरक्षणाला बाधा येईल असं त्यात काही नव्हतं. पाठवू द्या, म्हणाले. यावर राज्य सरकार थेट दिल्लीला अपिलात गेलं. अणूची माहिती सांगणाऱ्या पुस्तकासाठी!

सरकारचं म्हणणं असं, की स्थानबद्धाचं स्वातंत्र्य गेलेलंच असतं. नियमांत लिहिल्यात तेवढ्याच सवलती त्याच्या, आणि पुस्तक छापणं त्यांत बसत नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी हाच युक्तिवाद पुढे ताणून दाखवला. उद्या नियमांत जेवण द्यायचं लिहिलेलं नसेल, तर काय स्थानबद्धाला उपाशी मारायचं? अपील फेटाळलं गेलं.

पण आणीबाणीत संझगिरींना कोर्टाची पायरी चढता आली कशी? व्यक्तिस्वातंत्र्यासाठी दाद मागणं राष्ट्रपतींच्या आदेशानं थांबवलं होतं ना? थांबवलं होतं, पण १९६२च्या त्या आदेशात एक अट होती. स्वातंत्र्य भारत संरक्षण कायद्याला आणि नियमांना धरून काढून घेतलं असेल, तरच दाद बंद. नियमांबाहेर जाऊन काही केलं, तर सरकारला कोर्टात उत्तर द्यावं लागणार. सगळं प्रकरण या एका अटीवर तरलं.

१९७५च्या आदेशात ती अट नव्हती. १९७६मध्ये त्याच न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी स्थानबद्धांना दाद मागायचं दारच बंद केलं. वेगळं मत दिलं ते एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं, की कलम २० म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण आणि कलम २१ म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, हे आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. अटकेची कारणं सांगणं, तीन महिन्यांपुढे ठेवायचं तर सल्लागार मंडळाचं मत घेणं, या गोष्टी मात्र आहेत कलम २२मध्ये. त्याला हे कवच नाही.

नमस्कार.