घर्षणाला दोष देण्यापूर्वी

आजचा जाहीर विषय 'कॉन्टॅक्ट पॉइंट्सची दुरुस्ती', म्हणजे संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये विमान जमिनीला जिथे टेकतं त्या बिंदूंची दुरुस्ती, असा आहे आणि मी त्यावर येणारच आहे. पण आधी, बरेच दिवस मनात साठलेलं बोलून घेतो. विकत घेऊन सिम्युलेटरमध्ये टाकलेलं अ‍ॅडऑन विमान टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, जरा वाकडं गेलं, की आपल्या मंडळींचं एकच निदान ठरलेलं असतं: सिम्युलेटरचं घर्षण चुकलंय. मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, २००६ साली आलं, तेव्हापासून मी हे ऐकतोय. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. जड विमान जागचं हलवायला तिथे वाजवीपेक्षा जास्त थ्रॉटल द्यावा लागायचा, हे जुन्या लोकांना आठवत असेल. पण त्यावर काढलेले उपाय काय वर्णावेत! कुणी इंजिनाचा आयडल थ्रस्टच, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असतानाचा जोर, वाढवला. विमान जागेवरून छान सुटलं. मग उतरताना थ्रॉटल पूर्ण मागे घेतला तरी धावपट्टीवर तरंगत राहिलं. कुणी वाऱ्यात नाक वळतं म्हणून उभ्या शेपटीचा परिणामच कमी केला. विमान जमिनीवर सरळ चालायला लागलं आणि हवेत डुलायला लागलं. दुखणं चाकाचं आणि शस्त्रक्रिया शेपटीवर!

आमच्या एका परिचितांची गोष्ट सांगतो. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनीही हसावं, ही विनंती. त्यांनी एक महागडं दोन इंजिनांचं जेट घेतलं. विमान जमिनीवर सतत डावीकडे ओढायचं. त्यांनी ते काढून पुन्हा टाकलं. विमान बनवणाऱ्यांना लांबलचक पत्र पाठवलं. मग विमानाच्या फाईलमधल्या चाकाच्या ओळीतले आकडे स्वतःच बदलले, आणि शेवटी रडर ट्रिम, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचा कल, कायमचा उजवीकडे ठेवून टॅक्सी करायला लागले. म्हणजे जमिनीवर विमान सरळ, आणि हवेत गेलं की खेकड्यासारखं तिरकं.

मी त्यांना म्हटलं, सिम्युलेटरसोबत आलेलं विमान घ्या, वारा शून्य करा आणि टॅक्सी करून दाखवा. ते म्हणाले, ते केव्हाच करून बघितलंय, त्यात काहीच अडचण नाही. मी विचारलं, कुठलं विमान? तर पंख्याचं, एका इंजिनाचं. तेही डावीकडे जातं का? "हो, पण ते जाणारच ना! पंख्याचा परिणाम." आता बोला. बहुतेक एकइंजिनी विमानं पॉवर दिल्यावर डावीकडे ओढतात, हे खरंच आहे, त्यामुळे या गृहस्थांनी लक्षण ज्ञानात जमा करून टाकलं होतं. सिम्युलेटरसोबतचं जेट घ्यायला लावलं, तर तेही डावीकडे. मग सेटिंगमध्ये अ‍ॅक्सिसचा, म्हणजे पेडल-जॉयस्टिक किती सरकलंय ते दाखवणारा, पडदा उघडला. पाय पेडलवरून काढलेले, तरी डाव्या ब्रेकची पट्टी थोडी भरलेली. पेडलची स्थिती मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली होती. यावर त्यांचा प्रश्न: "मग हवेत का नाही ओढत?" (हशा) हवेत ब्रेक लावून तुम्ही काय थांबवणार आहात?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की विमानाची फाईल उघडण्याआधी आपले हातपाय तपासा. टो ब्रेकचा, म्हणजे पायाच्या बोटांनी पेडलवर दाबायच्या ब्रेकचा, अ‍ॅक्सिस उलटा लागला असेल, तर पाय न लावताच ब्रेक पूर्ण दाबलेले राहतात. जॉयस्टिकचा ट्विस्ट (पिळायची हालचाल) आणि पेडल दोघांनाही रडर दिला असेल, तर ते एकमेकांशी भांडतात. ऑटोरडर, म्हणजे रडर आपोआप फिरवणारी सोय, चालू राहिला असेल, तर तो आपल्या परीने मदत करत असतो. आणि 'ए-३२० वळतच नाही' म्हणणाऱ्यांनो, खऱ्या ए-३२० मध्ये पेडलने पुढचं चाक जेमतेम ६ अंश वळतं. ७५ अंश हवे असतील तर टिलर, म्हणजे पुढचं चाक हाताने वळवायचं नियंत्रण, लागतो. त्याला वेगळा अ‍ॅक्सिस दिलाय का तुम्ही? सेसना १७२ मध्ये पेडलने साधारण १० अंश मिळतात. त्यापुढे ३० पर्यंत जायचं तर एका बाजूचा ब्रेक वापरावा लागतो. तिथे मात्र...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं. मूळ विषय आता धावतपळत.

नव्या सिम्युलेटरमध्ये फ्लाइट मॉडेलची फाईल, जुन्यात एअरक्राफ्ट डॉट सीएफजी, आणि त्यात कॉन्टॅक्ट पॉइंट्सचा विभाग. ओळीतला पहिला आकडा १ असेल तर ते चाक, २ असेल तर जमिनीला घासू शकणारा भाग. पुढचे तीन आकडे म्हणजे जागा, फुटांत: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली. सहावा आकडा ब्रेकचा, १ डावा, २ उजवा. आठवा चाक किती वळेल त्याचा.

आता घर्षण विसरा आणि वजन कुठे पडतंय ते पाहा. गुरुत्वमध्य शून्यावर धरू. पुढचं चाक ३६ फूट पुढे आणि मुख्य चाकं ४ फूट मागे असतील, तर पुढच्या चाकावर ४० पैकी ४, म्हणजे १० टक्के भार येतो. तीच मुख्य चाकं फक्त १ फूट मागे ठेवली, तर ३७ पैकी १, म्हणजे तीन टक्केही नाही. असं चाक वळवलं तरी घसरतच जाणार, आणि आपण म्हणणार घर्षण कमी आहे! मागच्या भागात सामान जास्त भरलं तरी हेच होतं; म्हणून आधी लोड बघा, मग आकडे.

सिम्युलेटरमध्ये उघडताक्षणी विमान उडी मारत असेल, तर स्टॅटिक सीजी हाइट (उभ्या विमानाच्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची) आणि चाकांची उंची जुळत नाही. टायर जमिनीत रुतलेले दिसत असतील, तर नववा आकडा पाहा, म्हणजे उभ्या विमानाच्या भाराने स्ट्रट (चाकाचा दबणारा दांडा) किती दबतो तो. थरथर थांबत नसेल तर अकरावा, डॅम्पिंगचा: शून्यावर थरथरत राहील, १ वर लगेच स्थिरावेल. मूळ फाईलची प्रत ठेवा आणि एका वेळी एकच आकडा बदला.

टेलड्रॅगरचा, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा, ग्राउंड लूप (जमिनीवर गरकन फिरणं) राहिला, फ्लोटवरची विमानं राहिली. संयोजक उभे राहिलेत, तेव्हा ते आज होत नाही.