चमच्याचं माप, काट्याचं वजन

नमस्कार श्रोतेहो.

एका केकची कृती हातात बसलेली असते. मग लग्नसराईत बचत गटाला एकदम दहा केकची ऑर्डर येते. ६ चमचे तेलाचे ६० चमचे होतात आणि तिसाव्या चमच्याला कुणीतरी हाक मारतं. अशा वेळी काटाच कामाचा. फक्त चमच्याचे ग्रॅम करताना एक चूक हमखास होते, ती टाळायची.

टेबलस्पून म्हणजे १५ मिली, टीस्पून म्हणजे ५ मिली. १५ मिली पाण्याचं वजन १५ ग्रॅम भरतं. पण तेल पाण्यावर तरंगतं आणि मध तळाशी जाऊन बसतो, म्हणजे सगळ्यांचं वजन सारखं कसं असेल? तेलाचा हिशेब तर पाकिटावरच छापलेला असतो. एक लिटरच्या पाकिटावर बहुतेक वेळा ९१० ग्रॅम लिहिलेलं दिसेल. म्हणजे एक मिली तेल ०.९१ ग्रॅम आणि एक टेबलस्पून साधारण १४ ग्रॅम. फल्लीचं, सोयाबीनचं, जवसाचं, कोणतंही घ्या, फरक नगण्य. पातळ केलेलं तूपही जवळपास तेवढंच. दूध, घोटलेलं दही, संत्र्याचा रस साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. मध मात्र २१ ग्रॅम, आणि घट्ट काकवीही जवळपास तेवढीच.

आता दहा केकचं बघू. ६० टेबलस्पून तेल म्हणजे ९०० मिली, वजन ८२० ग्रॅम. मिली आणि ग्रॅम एकच समजून ९०० ग्रॅम ओतलं, तर जवळपास सहा चमचे तेल जास्त पडतं. केक तेलकट होतो, कापताना भुगा पडतो. मधाचं उलटं होतं. एका केकला २ चमचे, तर दहा केकला ४२० ग्रॅम हवा. ३०० ग्रॅमच घातला तर गोडी कमी, रंग फिका आणि दुसऱ्याच दिवशी केक कोरडा.

पण त्याआधी आपला चमचा तपासा. घरातला पोह्याचा चमचा म्हणजे टेबलस्पून नव्हे. त्यात ८ मिली मावणारेही असतात आणि १२ मावणारेही. मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिनं चमच्यात पाणी सोडत जा. पाणी काठाच्या वर फुगून येतं, तिथवर भरू नका. काठाला सपाट लागलं की थांबा. जो आकडा येईल, तोच तुमचा चमचा. पुस्तकातली किंवा मोबाइलवरची कृती ऑस्ट्रेलियातली असेल, तर तिथला टेबलस्पून २० मिलीचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

तुपाची गोष्ट वेगळी. थंडीत ते थिजतं, आणि थिजलेल्या तुपाचा चमचा कधी शिगोशीग येतो, कधी आत पोकळ राहतो. उन्हाळ्यात तेच तूप पाण्यासारखं वाहतं. चमच्याचं माप ऋतूगणिक बदलतं, ग्रॅम बदलत नाहीत. म्हणून तूप तरी काट्यावरच घ्या.

मध चमच्याला चिकटून राहतो आणि जास्त पडला तर मिश्रणातून परत काढता येत नाही. त्यासाठी मधाची बाटलीच काट्यावर ठेवा आणि टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा. बाटली उचलून थोडा मध ओता, पुन्हा ठेवा. काट्यावर उणे ४२ दिसलं, की ४२ ग्रॅम मध भांड्यात गेला. एकदम ओतू नका, उणे ३५ पासून हात आखडता घ्या.

काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, पाट किंवा सपाट फरशी हवी. कूलरचा झोत त्याच्यावर आला तर आकडा नाचत राहतो. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर एक टीस्पून इसेन्स मोजण्यात अर्थ नाही, ५ ग्रॅममध्ये एका ग्रॅमची चूक फार मोठी. इसेन्स चमच्यानंच घाला. आणि एखाद्या पातळ जिन्नसाचं वजन ठाऊकच नसेल, तर त्याचे सपाट भरलेले १० चमचे भांड्यात घाला, वजन करा, दहानं भागा. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर पट्टी चिकटवून लिहून ठेवा.