लिंकन मूळचे कुठले? समुद्रापलीकडच्या एका पूर्वजाचा माग

नमस्कार मंडळी. आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी अमेरिकन सून नाहीतर जावई आलेले आहेत, आणि नातवंडं शाळेतून फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट घेऊन येतात. आपल्या बाजूचं काम तसं निभतं, गावी काकांना फोन लावायचा, फारच अडलं तर त्र्यंबकेश्वराला आपल्या घराण्याचे तीर्थोपाध्याय गाठायचे, आडनाव आणि मूळगाव सांगितलं की ते वही काढतात. सूनबाईंच्या बाजूला मात्र "आमचे लोक इंग्लंडहून आले" याच्यापुढे गाडी सरकत नाही. मग पोरगं काय करतं, वेबसाईटवर आडनाव टाकतं, इंग्लंडमधलं त्याच नावाचं एखादं बाळ सापडतं, दोघांना जोडून टाकतं आणि म्हणतं झालं! इथेच सगळा घोळ आहे. म्हणून आज मी एकच केस घेणार आहे, अब्राहम लिंकन यांची, कारण या माणसाने स्वतः आपलं मूळ शोधायचा प्रयत्न केला होता आणि त्यांना ते मिळालं नव्हतं.

1848 साली लिंकन वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावचे सॉलोमन लिंकन म्हणून एक इतिहासाचे अभ्यासक, त्यांनी पत्र पाठवून विचारलं की तुमचं घराणं कुठलं? यांनी उत्तर दिलं की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत गेले, त्याआधी लोक पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत होते म्हणतात, पूर्वी क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथाचे, होते असं ऐकलंय, बस. व्हर्जिनियात राहिलेल्या एका लिंकनलाही त्यांनी पत्र लिहून चौकशी केली. त्याच वर्षी प्रचारासाठी ते मॅसॅच्युसेट्सला आले तेव्हा वुस्टरला माजी गव्हर्नर लिव्हाय लिंकन यांच्याकडे जेवायला होते. गंमत बघा, हे दोघं खरंच एका घराण्यातले, एकाच मूळ पुरुषाचे वंशज, आणि एका टेबलावर बसून जेवले तरी दोघांनाही ते पक्कं माहीत नव्हतं! पुढे 1859 मध्ये लिंकननी स्वतःबद्दल जे छोटं टिपण लिहून दिलं त्यात सरळ म्हटलंय की न्यू इंग्लंडच्या लिंकन लोकांशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला, पण इनॉक, लिव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे सारखी आहेत यापलीकडे हाती काही लागलं नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी. नावं जुळतायत, प्रतिष्ठित घराणं समोर आहे, आणि तरी माणूस म्हणतो की हे सिद्ध झालेलं नाही. आज ऑनलाइन झाडं बनवणाऱ्यांत हा संयम शंभरात एकाकडे असला तरी खूप.

आता दोर तुटला कुठे? लोकांना वाटतं समुद्रात तुटला असेल. तसं नाहीये. तो तुटला केंटकीत, 1786 साली. आजोबा, त्यांचंही नाव अब्राहमच, शेतात काम करत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले, आणि राष्ट्राध्यक्षांचे वडील थॉमस तेव्हा लहान पोर होते. घरातल्या जुन्या गोष्टी ज्याने सांगायच्या तोच माणूस गेला, शिवाय कुटुंब तीन-चार पिढ्या सतत पुढे सरकत होतं, मॅसॅच्युसेट्समधून न्यू जर्सी, मग पेनसिल्व्हेनिया, मग 1768 च्या सुमाराला व्हर्जिनिया, मग केंटकी. मग ते सांधलं गेलं कशावरून तर जमिनीच्या कागदांवरून आणि मृत्युपत्रांवरून. 1736 मध्ये पेनसिल्व्हेनियात वारलेल्या मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली जमीन दिलेली आहे. म्हणजे बाप राहतो एकीकडे, जमीन दुसरीकडे, आणि त्या एका ओळीने ब्रिटिशांच्या दोन वसाहती जोडल्या जातात. हा जॉन पुढे व्हर्जिनियाला गेला, तो राष्ट्राध्यक्षांचा पणजोबा. आपल्याकडे सुद्धा भावकीचं नातं सगळ्यात स्पष्ट कुठे लिहिलेलं असतं? सातबाऱ्याच्या फेरफारात! जमीन आली की माणूस नातं नीट लिहून ठेवतो.

मॉर्डेकायचा बापही मॉर्डेकाय, आणि त्याचा बाप सॅम्युएल लिंकन, समुद्र ओलांडून आलेला तो हा. हा सॅम्युएल 1637 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या नॉर्फोक परगण्याच्या ग्रेट यार्मथ बंदरातल्या यादीत सापडतो. त्या काळी देश सोडून जायला परवानगी लागायची, अधिकारी प्रत्येकाला प्रश्न विचारून लिहून घ्यायचे, आणि त्या यादीत नॉर्विचचा विणकर फ्रान्सिस लॉज, त्याची बायको, एक मुलगी आणि दोन नोकर अशी नोंद आहे, त्यातला एक नोकर "सॅम्युएल लिंकॉर्न, वय 18". जहाज होतं जॉन अँड डोरोथी.

आता नॉर्फोकच्या हिंगम गावच्या चर्चचं रजिस्टर उघडा. हो, गावाचं नाव तेच, तिथलेच लोक इकडे अमेरिकेत आले आणि 1635 मध्ये बेअर कोव्ह नावाच्या वस्तीला त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं. तर त्या रजिस्टरमध्ये एडवर्ड लिंकनचा मुलगा सॅम्युएल याचा बाप्तिस्मा 24 ऑगस्ट 1622 चा आहे. म्हणजे 1637 मध्ये पोरगा पंधराचाही पुरता नाही, आणि यादी म्हणते अठरा. मग हा तोच का? इथे घाई करायची नाही. वय वाढवून सांगितलं असेल, कारकुनाने अंदाजाने टाकलं असेल, त्या काळात वय हा आकडा तसा ढिलाच असायचा, पण फक्त नाव आणि साधारण वय एवढ्यावर भागत नाही. मग आजूबाजूची माणसं बघायची. सॅम्युएल इकडे येऊन राहिला तो हिंगमलाच, जिथे त्याचा थोरला भाऊ थॉमस आधीपासून होता, आणि या थॉमसला मूलबाळ नसल्यामुळे त्याची मिळकत सॅम्युएलच्या घराकडे आली. एकट्या माणसाला शोधू नका, त्याच्या भावांना, शेजाऱ्यांना, ज्याच्याकडे नोकरी केली त्या मालकाला शोधा.

आणि थॉमस म्हणजे कुठला थॉमस, तर नव्या हिंगममध्ये एकाच वेळी चार थॉमस लिंकन होते! गावकऱ्यांनीच त्यांना धंद्यावरून ओळखायला सुरुवात केली, एक गिरणीवाला, एक विणकर, एक पिंपं बनवणारा आणि एक शेतकरी. आपला तो विणकर. क्रांतियुद्धात गाजलेले जनरल बेंजामिन लिंकन हे पिंपंवाल्या थॉमसचे वंशज. चुकीचा थॉमस पकडलात तर घराणंच बदललं.

हे लोक निघाले का, तेही थोडं सांगतो. नॉर्विचचे बिशप मॅथ्यू रेन यांनी 1635 नंतर प्युरिटन, म्हणजे चर्च आणखी साधं-शुद्ध करा म्हणणाऱ्या पाद्र्यांच्या मागे ससेमिरा लावला, हिंगमचे पाद्री रॉबर्ट पेक 1638 मध्ये गावातली कितीतरी कुटुंबं घेऊन इकडे आले, आणि कापडधंदाही मंदीत होता. सॅम्युएलच्या घरात आणखी एक कारण होतं. आजोबा रिचर्ड लिंकन, स्वॉन्टन मॉर्ली गावचे, बऱ्यापैकी जमीनवाले, त्यांनी चार लग्नं केली आणि 1620 मध्ये वारले तेव्हा मिळकत चौथ्या बायकोच्या मुलांकडे गेली. पहिलीचा मुलगा एडवर्ड हात चोळत राहिला, त्याच्या मुलांना वाटून घ्यायला काही नव्हतं. हे आपल्याला समजावून सांगायची गरज आहे का? प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात अशी केस पडलेली असते. आणि पेक साहेब 1641 मध्ये परत इंग्लंडला गेले बरं का, तेव्हा तुमचा पूर्वज इकडच्या कागदांतून अचानक गायब झाला तर तो मेला असंच धरू नका.

एक बारीक भानगड तारखांची. 1752 पर्यंत इंग्लंडात नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणजे रजिस्टरमध्ये फेब्रुवारी 1622 लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने तो 1623. हे विसरलात की बाळ आईबापाच्या लग्नाआधी जन्मतं आणि घरात उगाच गोंधळ होतो.

ज्यांचे पूर्वज उशिरा आले, एकोणिसाव्या शतकात, त्यांचं काम सोपं आहे. इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, जनगणनेत घरटी नावं 1841 पासून मिळतात, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटवर खूप काही फुकट आहे. फक्त 1931 ची जनगणना शोधत बसू नका, ती 1942 मध्ये आगीत जळाली.

एक चिठ्ठी आली आहे, की मागे कुठपर्यंत जाता येतं. चर्चची रजिस्टरं राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने 1538 मध्ये सुरू झाली, पण बऱ्याच गावांची सुरुवातीची पानं राहिलेली नाहीत. त्याआधी साध्या माणसाचं नाव येतं ते मृत्युपत्रात नाहीतर जमीनदाराच्या कोर्टाच्या दप्तरात, तेही जमीन असली तर. सॅम्युएलच्या आजोबांच्या मागे आणखी दोन-तीन पिढ्या अशा मृत्युपत्रांवरून लावता आल्या आहेत, पण हे काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालं, लिंकन जाऊन तेव्हा चाळीसेक वर्षं होऊन गेली होती. त्याच्याही पलीकडे कुणी तुम्हाला थेट एखाद्या नॉर्मन सरदारापर्यंत झाड काढून देत असेल तर आधी विचारा, कुठला कागद? पैसे घेऊन श्रीमंत अमेरिकनांना असली बनावट घराणी बनवून देणारा गुस्ताव्ह अँजू नावाचा इसम होऊन गेलाय, आणि त्याची झाडं अजून लोक कॉपी करतायत.