उसाच्या टँकरवरचा लाल चौकोन

दृश्य : पेठ नाका. सांगलीकडून आलेला टँकर महामार्गाला लागतो. कॅमेरा मागच्या पाटीवर.

निवेदन :
या टँकरात जे चाललंय, ते काही महिन्यांपूर्वी वाळवा-पलूसच्या फडात ऊस म्हणून उभं होतं. ऊस गाळला, साखर निघाली, मळी उरली. तोवर कुणाला पाटी लागली नाही. मळी रस्त्यावर सांडली तर मोटारसायकली घसरतात, पण धोकादायक मालाच्या यादीत ती नाही. तीच मळी आंबवून तिचं इथेनॉल केलं की मात्र टँकरवर ज्वाळेचं चित्र असलेला लाल चौकोन येतो. खाली आकडा ३, म्हणजे धोक्याचा वर्ग, आणि शेजारी चार आकडी नंबर : ११७०.

माल कशापासून बनला, याच्याशी या वर्गवारीला देणंघेणं नाही. सुटला तर काय करील, एवढंच ती विचारते. इथेनॉलची वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसलाही ठिणगीनं पेटू शकते. म्हणजे डिसेंबरातल्या कडाक्याच्या पहाटा सोडल्या, तर आपल्याकडे बाराही महिने.

दृश्य : तासगाव. बेदाण्याचं शेड, मग कोल्ड स्टोरेजचं यंत्रघर.

निवेदन :
संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं धोकादायक मालाच्या वाहतुकीच्या शिफारशी पहिल्यांदा १९५६ मध्ये छापल्या. आज एकूण नऊ वर्ग आहेत. स्फोटकं पहिल्यात, किरणोत्सर्गी माल सातव्यात. ते आपल्या वाटेला क्वचित येतात. बाकीचे बरेचसे याच भागात भेटतात. बेदाण्याला धुरी द्यायचा गंधक चौथ्यात. वेल्डिंगवाल्याकडचं कार्बाइडही चौथ्यातच, पण पोटवर्ग वेगळा : त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो. आग विझवायला बादली घेऊन धावणाऱ्यानं हे आधी जाणलेलं बरं. बॅटरीतलं ॲसिड आठव्यात.

कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया आणि पाणीपुरवठ्याच्या टाकीजवळचा क्लोरीन, दोघंही विषारी वायू, वर्ग २.३. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो ओढ्यात, तळघरात, सखल भागात साचतो. त्यापासून पळायचं तर उंचावर. नुसत्या वर्गावरून एवढं कळत नाही, म्हणून प्रत्येक मालाला स्वतःचा नंबर.

दृश्य : पाटी अगदी जवळून. अक्षरांवर चिखल.

निवेदन :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ही पाटी तीन बाजूंना हवी : दोन्ही अंगांना आणि मागे. मालाचं नाव, नंबर, अडचणीत फोन कुठे करायचा ते, आणि अग्निशमन दलासाठी एक छोटा कोड. पेट्रोलचा कोड ३ वाय ई. तीन म्हणजे फोम वापरा. ई म्हणजे आसपासची माणसं हलवायचा विचार करा. इथेनॉलच्या कोडाआधी एक टिंब असतं. दिसायला बारीक, पण सगळी गंमत तिथंच आहे. इथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे नेहमीचा फोम त्यावर टिकत नाही, बुडबुडे विरून जातात. टिंबाचा अर्थ : अल्कोहोलला दाद न देणारा फोम आणा. त्यात इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात धड दिसतही नाही.

असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण लागतं, लायसन्सवर तशी नोंद लागते. एका भारतीय भाषेबरोबर इंग्रजीही लिहिता-वाचता आली पाहिजे, असं नियम सांगतो. पाटी पुसायला मात्र कुठलंच प्रशिक्षण लागत नाही. तरी धुळीनं माखलेल्या किती पाट्या दिसतात, ते कुठल्याही ढाब्यावर उभं राहून पाहावं.

दृश्य : खंबाटकीचा जुना बोगदा, पुढचं एस वळण.

निवेदन :
टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारे पोलिसांच्या आधी पोहोचतात. एकाच्या खिशात मोबाइल, दुसऱ्याच्या तोंडात विडी. जायचंच असेल तर वारा पाठीशी घेऊन लांब थांबा, कॅमेऱ्यानं पाटी जवळ ओढा आणि ११२ ला फोन लावून तो चार आकडी नंबर वाचा. "टँकर पलटी झालाय" एवढ्यावरून गाडीत कुठला फोम भरायचा, ते समोरच्याला कळत नाही.

आणि माल उतरवून परतणाऱ्या रिकाम्या टँकरवरही पाटी तशीच असते, ती काढायची राहिलेली नसते. आतलं इथेनॉल गेलं तरी वाफ राहते, आणि हवा मिसळलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा लवकर भडकते. टाकी धुऊन, वाफ काढून, मीटरनं तपासल्याशिवाय तिला वेल्डिंगचा रॉड लावायचा नसतो.