रंगेहाथ पकडण्याआधी काय घडते? लाचेच्या सापळ्याचा तपास समजून घेऊ

नमस्कार. ‘तलाठी लाच घेताना रंगेहाथ पकडला’, ‘तडजोडीअंती पाच हजार रुपये स्वीकारताना अभियंता जाळ्यात’ अशा बातम्या आपण जवळजवळ रोज वाचतो. त्या वाचताना असे वाटते की पैसे हातात सापडले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला. प्रत्यक्षात न्यायालयात खटला टिकतो किंवा कोसळतो तो पैसे सापडले की नाही यावर नव्हे, तर लोकसेवकाने ते मागितले होते की नाही यावर. त्यामुळे महाराष्ट्राचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावण्याआधी जे काम करतो, तोच माझ्या मते खरा तपास असतो, आणि आज मी प्रामुख्याने त्याविषयीच बोलणार आहे.

समजा, वडिलांच्या निधनानंतर वारसनोंदीचा फेरफार मंजूर करून घेण्यासाठी एक शेतकरी तीन महिने हेलपाटे घालतो आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत, तरीही नोंद होत नाही, आणि एके दिवशी त्याला सांगितले जाते की ‘दहा हजारांचे बघा, मग पुढचे बोलू’. हा शेतकरी १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करतो किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या विभागाच्या कार्यालयात जातो, आणि तेथे त्याची तक्रार लेखी घेतली जाते. तक्रार आली म्हणून पथक लगेच निघत नाही. जुन्या वैरातून किंवा नियमात न बसणारे काम नाकारल्याच्या रागातूनही तक्रार होऊ शकते. म्हणून आधी पडताळणी होते. दुसऱ्या एखाद्या शासकीय कार्यालयातील दोन कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावले जाते. त्यांचा तक्रारदाराशी किंवा संबंधित लोकसेवकाशी काही संबंध नसावा, हाच यामागचा हेतू असतो. तक्रारदाराजवळ आवाज मुद्रित करणारे छोटे यंत्र दिले जाते आणि एका पंचासह त्याला त्या लोकसेवकाकडे पाठवले जाते.

या भेटीत काय बोलले जाते त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. लाच मागणारी व्यक्ती ‘लाच द्या’ असे कधीच म्हणत नाही. ‘साहेबांचे बघावे लागेल’, ‘चहापाण्याचे काय’, ‘वरपर्यंत द्यावे लागते’ अशी ती भाषा असते, आणि कधी कधी तर रक्कम तोंडाने न सांगता बोटांनी दाखवली जाते. कोणत्या कामासाठी किती रक्कम मागितली, घासाघीस होऊन ती कितीवर आली, कोणाच्या हाती द्यायला सांगितली, हे शब्दांतून स्पष्ट झाले तरच पंचांसमक्ष मागणीचा पडताळणी पंचनामा होतो. मुद्रित आवाज पुरावा म्हणून मांडायचा तर ती नोंद कोणत्या यंत्रावर, कशी झाली हे सांगणारे, कायद्याने ठरवून दिलेले प्रमाणपत्र त्याला जोडावे लागते. ही अट सक्तीची असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा निवाडा जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीच्या वादातून आलेला आहे. प्रमाणपत्राचा एक कागद राहिला आणि स्पष्ट ऐकू येणारे संभाषण निरुपयोगी ठरले, असे होऊ नये म्हणून तपास अधिकाऱ्याला सुरुवातीपासून दक्ष राहावे लागते.

आता सापळ्याची तयारी. नोटा बहुधा तक्रारदाराच्याच असतात, आणि ही रक्कम त्याला नंतर शासनाकडून परत मिळते. पंचांसमोर प्रत्येक नोटेचा क्रमांक लिहून घेतला जातो. मग त्या नोटांना अँथ्रासीन पावडर लावली जाते. महाराष्ट्रातील अनेक सापळ्यांत ही पावडर वापरली गेली आहे. साध्या उजेडात ती सहसा लक्षात येत नाही. पण अतिनील दिव्याखाली धरताच नोट निळसर चमकू लागते. पंचांना हे प्रत्यक्ष दाखवले जाते. दुसऱ्या पद्धतीत फिनॉल्फ्थेलिन पावडर वापरतात, आणि नोटा हाताळलेले हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की ते गुलाबी होते. ते द्रावण बाटलीत सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवले जाते. पावडर लावणारा कर्मचारी त्या नोटा स्वतः तक्रारदाराच्या खिशात ठेवतो, म्हणजे तक्रारदाराच्या हाताला आधीच पावडर लागत नाही. त्याला एक सूचना पुन्हा पुन्हा दिली जाते: समोरच्याने मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही आणि पैसे आपणहून पुढे करायचे नाहीत. पहिला पंच सावलीसारखा त्याच्याबरोबर राहतो, दुसरा पथकासोबत थांबतो, आणि पैसे घेतले गेले की डोक्यावरून हात फिरवणे किंवा रुमाल काढणे असा ठरलेला इशारा होतो.

इशारा मिळताच पथक आत शिरते. लोकसेवकाचे हात, खिसा, टेबलाचा खण, जेथे नोटा गेल्या असतील ती प्रत्येक जागा दिव्याखाली तपासली जाते, नोटांचे क्रमांक आधीच्या यादीशी ताडून पाहिले जातात आणि पुन्हा सविस्तर पंचनामा होतो. पैसे बाहेरच्या टपरीवरील खाजगी इसमाच्या हाती द्यायला सांगितले असतील, तर त्यालाही आरोपी केले जाते. मात्र तो कोणासाठी पैसे घेत होता हे दाखवताना पडताळणीतले संभाषणच कामी येते. बोटांवरची निळी चमक एवढेच सांगते की या हाताने त्या नोटांना स्पर्श केला. ‘पैसे बळजबरीने खिशात कोंबले’, ‘हातउसने दिलेले परत केले’, ‘ते शासकीय शुल्क होते’ हे बचाव न्यायालयात नेहमी घेतले जातात, आणि मागणीचा पुरावा भक्कम नसेल तर ते यशस्वीही होतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील कलम २० नुसार न्यायालय आरोपीविरुद्ध, म्हणजे घेतलेले पैसे लाचच होती असे, गृहीत धरते, पण तेही मागणी आणि स्वीकार या दोन गोष्टी आधी सिद्ध झाल्यावर.

हे किती निर्णायक आहे ते दिल्लीतील एका खटल्यातून समजते. २००० साली विजेच्या मीटरसाठी लाच मागितल्याच्या तक्रारीवरून तेथे सापळा लागला. खटल्यात साक्ष देण्याआधीच तक्रारदाराचे निधन झाले. तक्रारदारच नसेल तर मागणी सिद्ध करता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. १५ डिसेंबर २०२२ रोजी पीठाने सांगितले की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी इतर साक्षीदार आणि परिस्थितिजन्य पुरावा यांवरून मागणी सिद्ध होऊ शकते. हे तत्त्व मान्य झाले. परंतु २०२३ मध्ये त्याच खटल्याचे अपील निकाली काढताना न्यायालयाला उपलब्ध पुराव्यात लाचेची मागणी सिद्ध झालेली आढळली नाही, आणि आरोपी निर्दोष सुटली. दोन दशकांहून अधिक काळ चाललेले प्रकरण शेवटी एका संभाषणाच्या पुराव्यापाशी येऊन थांबले.

सापळ्यानंतरचा टप्पाही संथ असतो. आरोपी ४८ तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर महाराष्ट्राच्या सेवानियमांनुसार तो निलंबित झाल्याचे मानले जाते. मात्र न्यायालयाने खटल्याची दखल घेण्यासाठी, आरोपीला पदावरून दूर करण्याचा अधिकार असलेल्या प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. हा निर्णय तीन महिन्यांत, आणि कायदेशीर सल्ल्यासाठी आवश्यक असल्यास आणखी एका महिन्यात व्हावा, असे कायदा म्हणतो. निरपराध कर्मचाऱ्याला संरक्षण हवे हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण मंजुरीची धारिका कपाटात पडून राहते तेव्हा धोका पत्करून पुढे आलेल्या तक्रारदाराचा धीर खचतो, कारण त्याला आयुष्यभर त्याच कार्यालयात सातबारा मागायला जायचे असते.

बेहिशेबी मालमत्तेचा तपास वेगळ्या वळणाचा असतो. तेथे उघड चौकशीत ठरावीक कालावधीतले ज्ञात उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता यांचा हिशेब मांडला जातो. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

तुमच्याकडे अशी मागणी झाली, तर ती कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी आणि नेमक्या कोणत्या शब्दांत केली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि पैसे देण्याआधी विभागाकडे जा. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील, तर ते दिल्यापासून सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्या व्यक्तीला कायदा या गुन्ह्यातून वगळतो. ही मुदत काम अडल्याच्या दिवसापासून नव्हे, तर पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते.