बाराव्या फ्रेटसमोर

(धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागाचा आवाज पूर्ण.)

सोलापूरच्या पूर्व भागात दिवस या आवाजानं उजाडतो. गल्लीतल्या माणसांना तो आता ऐकूही येत नाही. माइकला मात्र कशाचीच सवय होत नाही.

(खोली. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. कॉटवर गिटार.)

ही दहा बाय बाराची खोली. इथं एक मुलगी स्वतःची गिटार स्वतः रेकॉर्ड करते. पुण्या-मुंबईचा स्टुडिओ तिनं पाहिलेला नाही. सुरुवातीला तिनंही सगळ्यांसारखं आधी विचारलं, कुठला माइक घेऊ? पैसे साठवून माइक आणला, पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर त्यात गिटारपेक्षा खोलीच जास्त वाजत होती. पत्रा, फरशी आणि उघड्या भिंती. तार छेडली की आवाज या तिन्हींवर आपटून माघारी येतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो.

मग घरातच असलेली वस्तू कामाला आली.

(चादरी उलगडतात. लाल, हिरवी, निळी नक्षी. हात जवळून.)

सोलापुरी चादर. जाड सुती, जॅकार्डच्या नक्षीची, भौगोलिक मानांकन मिळालेली. हिचे वडील यंत्रमागावर काम करतात, त्यामुळं घरात चादरींना तोटा नाही. नीट पाहा, ती चादर भिंतीला चिकटवत नाही. दोरी बांधून भिंतीपासून वीतभर पुढं सोडते. मागं पोकळी राहिली की तीच चादर जास्त आवाज शोषते. एक डाव्या हाताला, एक उजव्या, एक पाठीमागं आणि फरशीवर दुहेरी घडी. यानं खर्जाचा घुमारा जात नाही. शंभर हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांची, एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिला कापड काय अडवणार? पण तो चरचरीत, डब्यात बसल्यासारखा आवाज जातो. हजारो रुपयांचा फोम विकत घ्यायच्या आधी प्रत्येकानं हे करून पाहावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(रात्र. गल्ली रिकामी. पंख्याचं बटण बंद होतं.)

रेकॉर्डिंग रात्री साडेअकरानंतर. माग थांबलेले, पंखा बंद, फ्रिज बंद. तरी थोडं थांबावं लागतं, कारण दिवसभर तापलेला पत्रा निवताना टकटक वाजतो. एप्रिलमध्ये पंखा बंद केला की दहा मिनिटांत खोली कोंदते, तारा ढिल्या पडतात, सूर उतरतो. म्हणून दर टेकच्या आधी ट्यूनिंग. कपाळावरचा घाम पुसायला टॉवेल शेजारीच आहे.

(दोन माइक शेजारी शेजारी.)

डावीकडचा डायनॅमिक, ओळखीच्या भजनी मंडळाकडून मागून आणलेला. दणकट आहे, गाण्याला उत्तम. पण बोटांनी हळू वाजवलेल्या गिटारसाठी त्याचा गेन, म्हणजे आवाज वाढवायची पातळी, इतका चढवावा लागतो की मागं सूं असा आवाज येतो. उजवीकडचा पेन्सिलसारखा बारीक, तो कंडेन्सर. त्याचा पडदा लहान आणि हलका, म्हणून नखाचा स्पर्शसुद्धा पकडतो. त्याला इंटरफेसमधून, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून, ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो, माइकच्याच वायरमधून जाणारी वीज. कंडेन्सर खोली जास्त ऐकतो असं सर्रास म्हणतात. खरा फरक पडतो तो माइक किती लांब आहे आणि त्याचं तोंड कुठं आहे यानं. हा कार्डिऑइड आहे, पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. म्हणून त्याची पाठ गल्लीच्या खिडकीकडं.

(माइक गिटारच्या भोकासमोर.)

सगळ्यांची पहिली चूक इथं होते. आवाज भोकातून येतो, म्हणून माइक भोकासमोर. ऐका.

(आवाज: धुम्म, धुम्म.)

गिटारच्या पोटातली हवा शंभर हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि तो घुमारा इथूनच बाहेर पडतो. त्यात कार्डिऑइड माइक जवळ नेला की खर्ज आणखी फुगवतो. दोन्ही मिळून नुसता चिखल.

आता तिनं एका कानात बोट घातलंय. आई गिटार धरून एकच कॉर्ड वाजवते, तेवढाच तिला येतो. मुलगी दुसरा कान गिटारभोवती फिरवते. खाली ब्रिजपाशी, जिथं तारा गिटारच्या पोटावर अडकवलेल्या असतात, लाकडाचा, थोडा कोरडा आवाज. वर मानेकडं गेलं की बोटं घसरल्याची चीं चीं. आणि मध्ये कुठंतरी तार, लाकूड, बोट, सगळं एकत्र येतं. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या. बारावी फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य. माइक तिथं, गिटारपासून वीतभर आणि आणखी चार बोटं लांब, तोंड किंचित भोकाकडं वळवलेलं. इथून सुरुवात करायची. पुढं दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं.

(वडील हेडफोन लावतात. मुलगी वाजवते. ते मान हलवतात. हेडफोन काढून आईकडे देतात.)

मागाजवळ वर्षानुवर्षं उभं राहिलं की बारीक, वरच्या पट्टीतलं ऐकू येणं आधी कमी होतं. हेडफोन आईकडं.

“आई, आता?”

“मघाचं बरं होतं. जरा खाली घे.”

(माइक खाली. पुन्हा. पुन्हा.)

त्या रात्री माइकच्या अकरा जागा बदलून झाल्या.

दोन माइक लावूनही पाहिले, एक ब्रिजला, एक बाराव्या फ्रेटला. हेडफोनमध्ये भरगच्च वाटलं. मोबाइलच्या एका स्पीकरवर लावलं तर गिटारचा जीवच गेला. तारेपासून दोन्ही माइकच्या अंतरात १७ सेंटीमीटरचा फरक पडला की एकाला आवाज अर्धा मिलीसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही एकत्र केल्यावर हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खातो. दोन माइकची तोंडं एकमेकांजवळ आणून ९० अंशांचा कोन केला तर हा घोळ टळतो. पण हिला या गिटारसोबत गायचंही आहे. गळ्याला जागा हवी म्हणून ती एकाच माइकवर परत आली. आम्हाला तो निर्णय योग्य वाटतो.

रेकॉर्डिंगची लेव्हल उणे बारा डेसिबलपर्यंत, म्हणजे आवाज फाटायच्या हद्दीच्या बरीच खाली, आणि फाइल २४ बिटची. बस.

(लाल दिवा. टेक. पूर्ण, न कापता.)

हे गाणं पुढं एका मैत्रिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत वाजलं, त्याचे थोडे पैसेही आले.

(पहाट. चादरी दोरीवरून उतरतात. फरशीवर खडूच्या तीन खुणा, माइकच्या स्टँडच्या तीन पायांच्या. बाहेर पहिला माग सुरू होतो.)

आई फरशी पुसायला घेते. खुणांपाशी येते, फडकं बाजूनं फिरवते आणि पुढं जाते.