काचेजवळचं टेबल

नमस्कार मंडळी. आज ज्या हॉटेलबद्दल बोलायचंय त्याचं नाव मी सांगणार नाहीये, एक तर रेडिओवर फुकटची जाहिरात नको, आणि दुसरं म्हणजे नाव घेतलं की गल्ल्यावरचे अण्णा उद्या विचारणार, पत्ता पण सांगितलात ना नीट? विलेपार्ले पूर्वेला आहे, एवढं पुरे. आणि हॉटेल म्हणजे आपल्या मराठीतलं हॉटेल बरं का, राहायची सोय नसलेलं, फक्त खायची असलेलं. साधं उडुपी.

मी तिथे १९९२ साली पहिल्यांदा गेलो ते लिहायला वगैरे नाही, पावसात छत्री उलटी झाली म्हणून. घरात तेव्हा आम्ही दीड खोलीत सहा माणसं, त्यात आजोबांचा रेडिओ (हो, हाच रेडिओ, याच्यामुळे मला लिहिता यायचं नाही आणि आज त्यावरच बोलतोय), त्यामुळे एक कॉफी मागवून काचेजवळच्या टेबलावर बसलो, खिशातून कागद काढला, आणि बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबून दीड तास झाला होता. कोणी उठ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो. मग ते चालूच राहिलं, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी, दोन-दोन तास, एका कॉफीवर. फार तर दोन.

त्या काळात पार्ल्यात दुपारी वारा फिरला की बिस्किटांचा वास यायचा, पार्लेच्या फॅक्टरीतून. २०१६ ला ती बंद झाली. माझ्या निम्म्या गोष्टी त्या वासात लिहिल्या गेल्यात, गरम बिस्किटांचा वास बाहेरून आणि सांबाराचा आतून, आणि दिवाळी अंकांचे संपादक मात्र पत्रात लिहायचे की तुमच्या लेखनात अनुभवाचा गंध कमी पडतो. साभार परत आलेली ती पाकिटं मी तिथेच उघडायचो, घरी नको म्हणून. पाकीट जाड असलं की कथा परत आलेली असायची. हे मला कळायच्या आधी वेटरला कळायचं, तो न विचारता कॉफी आणून ठेवायचा. त्या कॉफीचं बिल लागायचं हं, गैरसमज नको. बिल प्रत्येक वेळी लागलेलं आहे.

उडुपी हॉटेल हा शब्द आपण इतका सवयीने वापरतो की उडुपी हे गावाचं नाव आहे हे विसरायला होतं. कर्नाटकच्या किनाऱ्यावरचं गाव, तिथे मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात स्थापन केलेला कृष्ण, त्याच्याभोवती आठ मठ, दर दोन वर्षांनी जानेवारीत पूजेचा मान एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याला पर्याय म्हणतात. आणि मठ म्हटला की पंगती आल्या, कांदा-लसूण नसलेला स्वैपाक आला, तो करणारे हात आले. त्या हातांपैकी काही मुंबईला आले. माटुंग्याला स्टेशनसमोर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेलं बोर्डिंग अजून चालू आहे, केळीच्या पानावर जेवायचं असेल तर आजही तिथे थांबायची तयारी लागते. पुढे या धंद्यात शेट्टी मंडळी आली, मग कांदाही आला, पंजाबी भाजी आली, चायनीज आलं, आता तर पिझ्झा डोसा नावाचा एक प्रकार आहे ज्याबद्दल मी या माइकवर काही बोलत नाही. आमचे अण्णा कारकळकडचे. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली त्याआधी ते गावाला जायचे ते एसटीसारख्या बसमधून घाट उतरत, आणि आल्यावर दोन दिवस गल्ल्यावर कंबर धरून बसायचे. पर्यायाला मात्र चुकवायचे नाहीत.

उडुपीच्या त्या देवळात एक गंमत आहे. कृष्णाचं दर्शन दारातून नाही घ्यायचं, नऊ भोकांच्या एका छोट्या खिडकीतून घ्यायचं. मला ते अण्णांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग तुमचं किचन पण तसंच दिसतं की. कारण आमच्या हॉटेलात पण आत जायला मनाई, फक्त ती पदार्थ सरकवायची चौकोनी खिडकी, आणि त्या खिडकीतून मला अठ्ठावीस वर्षं डोशाचा तवा दिसतोय.

हे जरा सांगतोच, कारण इतकं बारकाईने मी दुसरं काही बघितलेलं नाही. तव्यावर मास्टर आधी पाणी शिंपडतो. तवा पुरेसा तापलेला नसला तर पाणी नुसतं चर्र करून जातं. पण बरोबर तापलेला असला की पाण्याचे थेंब चक्क गोळ्या होऊन तव्यावर पळत सुटतात, पारा सांडल्यासारखे. मग तो छोट्या केरसुणीने ते झाडून टाकतो, एका फटक्यात, आणि लगेच वाटीभर पीठ मध्ये, आणि वाटीच्या बुडाने आतून बाहेर गोल गोल. आपल्याला वाटतं पाणी तवा स्वच्छ करायला असतं. नाही, तवा थोडा निवायला. फार तापलेल्या तव्यावर पीठ पसरतच नाही, गोळा होऊन वाटीला चिकटून येतं. डिसेंबरात पीठ फुगत नाही म्हणून मास्टर पिठाचा टोप शेगडीच्या बाजूला सरकवतो, मे महिन्यात तेच पीठ दुपारपर्यंत आंबट होऊन जातं, म्हणून उन्हाळ्यात दुपारचा डोसा जरा जपून मागवावा, हा माझा फुकटचा सल्ला. पहिला डोसा कधी गिऱ्हाइकाला जात नाही, तो फाटतोच. आमच्याकडे तो फाटलेला डोसा बरेचदा माझ्या टेबलावर यायचा, बशीत, चटणीशिवाय. मी खायचो. कोणी बोलायचं नाही, मी पण नाही.

ऑर्डर आत जायची ती तुळूमध्ये. ओंजि, रड्ड, मूजि, नाल, ऐन. एक ते पाच. मला येतात, पुढचे पण येतात, पण पाचच्या वर माणसं एकत्र क्वचितच यायची त्यामुळे सराव नाही. नंतर नंतर वेटर बदलले, कुंदापूर-कारकळची पोरं येईनाशी झाली, त्यांच्यातली बरीच मुंबईच्या रात्रशाळांत शिकून कुठे कुठे गेली, मग ओरिसा, बिहार, नेपाळची पोरं आली आणि ऑर्डरी हिंदीत जायला लागल्या.

या बिहारच्या पोरांमुळे मला हॉटेलात माझा एकमेव धंदा मिळाला. मनीऑर्डरचे फॉर्म भरायचे. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, मनीऑर्डर म्हणजे पोस्टातून पैसे पाठवायचे, आणि त्या फॉर्मवर थोडी जागा असायची, दोन-चार ओळी मजकूर लिहायला. महिन्याच्या सुरुवातीला चार वाजता दोन-तीन पोरं हात पुसत माझ्या टेबलाशी. एक होता, फारच कमी बोलायचा. मी विचारलं, काय लिहू? म्हणाला, लिखो, मैं ठीक हूं. लिहिलं. और? बस. मला राहवेना, एवढी जागा रिकामी, मी म्हटलं अरे इकडे पाऊस किती पडतोय ते लिहू का, काम कसं चाललंय, सणाला येतोस का. तो फॉर्मकडे बघत राहिला आणि म्हणाला, पैसा कितना है वो लिखा है ना? फिर बस. मी आयुष्यात ज्या संपादकांबरोबर काम केलं त्यात इतका कडक एकही नव्हता.

२६ जुलै २००५ ला मी तिथेच होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि सांताक्रूझ म्हणजे आमच्यापासून एक स्टेशन. दुपारी दोनच्या सुमाराला सुरू झाला तेव्हा मी पेनाचं टोपण सुद्धा लावलं नाही, म्हटलं थांबेल. पाणी हॉटेलच्या दुसऱ्या पायरीला लागलं. लाइट गेली. लोक येत राहिले, गुडघाभर पाण्यातून, ऑफिसच्या बॅगा डोक्यावर, एका शाळेच्या बसमधली पोरं आणि त्यांच्या बाई. अण्णांनी शटर अर्धं खाली करून आतल्या सगळ्यांना बसवून घेतलं. इडली-डोशाचं पीठ संध्याकाळीच संपलं आणि लाइट नसल्यामुळे ग्राइंडर बंद, उद्याचं पीठ वाटता येईना. रवा होता. गॅस होता. रात्रभर उपमा. पहाटे रवा संपला तेव्हा नुसता काळा चहा. पोरांकडून पैसे घेतले नाहीत, मोठ्यांनी जे दिले ते घेतले, ज्यांनी नाही दिले त्यांना मागितले नाहीत, आणि ह्या सगळ्याबद्दल अण्णा नंतर एवढंच म्हणाले की सकाळी पीठ नव्हतं, दुसरा दिवस पूर्ण गेला. मी त्यावर लेख लिहिला, छापून आला, अण्णांना नेऊन दाखवला, त्यांनी वाचला की नाही माहीत नाही, त्यावर कोणीतरी भजी ठेवली होती.

ती काच. काचेजवळ बसतो म्हटलं ना मी, तर ती पूर्ण दर्शनी भिंतभर काच अण्णांच्या वडिलांनी लावलेली. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन झालं, उडुपी हॉटेलांवर दगड पडले, यांची पण काच गेली. मराठी लेखक म्हणून हे सांगताना मला आजही जरा अवघडल्यासारखं होतं, आणि व्हायलाच पाहिजे. मी विचारलं होतं अण्णांना, परत काचच का लावली, फळ्या मारायच्या की, विटा रचायच्या. तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही, सुट्टे मोजत होते. काच बसवणारा पण मराठीच होता, एवढंच म्हणाले.

आता माझा हिशोब. लॉकडाऊनमध्ये घरी बसून करायला काही नव्हतं तेव्हा मी एका वहीवर मांडला. चार खुर्च्यांचं टेबल. गिऱ्हाईक साधारण वीस मिनिटांत खाऊन उठतं. दोन तासांत सहा वेळा टेबल फिरतं, म्हणजे चोवीस गिऱ्हाइकं. आठवड्याला तीन दिवस, वर्षाचे धरा दीडशे. चोवीस गुणिले दीडशे, छत्तीसशे. गुणिले अठ्ठावीस वर्षं. एक लाख आठशे गिऱ्हाइकं, मंडळी. एक लाख आठशे माणसं मी त्या हॉटेलातून एका कॉफीवर परत पाठवली. मला त्या रात्री खरोखर झोप लागली नाही. कारण मी स्वतःला नेहमी चांगला गिऱ्हाईक समजत आलो होतो, टीप ठेवणारा, बडीशेप कमी घेणारा.

५ ऑक्टोबर २०२० ला महाराष्ट्रात हॉटेलं परत उघडली, निम्म्या खुर्च्या, टेबलांवर आडव्या पट्ट्या. चारेक दिवसांनी अण्णांचा फोन आला. अठ्ठावीस वर्षांत पहिला. म्हणाले, लेखक, येऊन बसा ना जरा. मी म्हटलं, अण्णा, तब्येत बरी आहे ना? म्हणाले, तब्येत बरी आहे, तुम्ही या, फक्त बसा.

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. गेलो. हॉटेल पूर्ण रिकामं. माझ्या टेबलावर पट्टी नव्हती. मास्क हनुवटीवर घेतला, कॉफी आली, आणि मी वही काढून अण्णांना तो हिशोब दाखवला, म्हटलं हे देणं आहे माझ्याकडे, फेडता येणारं नाही पण सांगून ठेवतो. अण्णांनी चष्मा लावून सगळं वाचलं, बोट फिरवत. गुणाकार तपासला. मग हसायला लागले, म्हणजे खांदे हलेपर्यंत.

म्हणाले, अहो तुम्ही यायचे कधी? तीन ते पाच. तीन ते पाचला कोण येतं हॉटेलात? कुत्रं पण येत नाही. रिकामं हॉटेल बाहेरून दिसलं की माणूस पुढच्या हॉटेलात जातो, ते भरलेलं असेल तर तिथे रांग लावतो पण रिकाम्यात शिरत नाही. काचेला एक माणूस बसलेला पाहिजे. आमच्या वडिलांच्या वेळी एक रिटायर्ड मास्तर होते, पेपर वाचायचे. ते गेले, मग तुम्ही आलात. काच कशाला लावली होती, तुम्हाला काय वाटलं?

मी म्हटलं, आणि साडेबाराच्या गर्दीत मी कधी आलो तर मला बेसिनजवळच्या टेबलावर पाणी ठेवायचात ते?

तेव्हा तुमची गरज नसायची ना, अण्णा म्हणाले, आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

मी तिथेच बसून राहिलो. बाहेर फुटपाथवर एक नवरा-बायको थांबले, दोघांनी मास्क लावलेले, बोर्ड वाचला, मग काचेतून आत बघितलं, माझ्याकडे. बायको काहीतरी म्हणाली. अण्णांनी गल्ल्यावरून मला नुसती भुवई दाखवली. मी पेन उचललं आणि लिहितोय असं दाखवलं.